‘जरा ठाण्यात या’ म्हणण्यापूर्वी

प्रति,
माननीय पोलीस आयुक्त, नागपूर शहर,
आणि शहरातील सर्व ठाणेदार, तपास अधिकारी व ठाणे अंमलदार

महोदय,

जिल्हा व सत्र न्यायालयात फौजदारी बाजूचे काम करणारे आम्ही वकील आहोत. कधी आरोपीच्या बाजूने उभे राहतो, कधी फिर्यादीच्या. एफआयआर, अटक फॉर्म, जप्ती पंचनामा, रिमांड रिपोर्ट, स्टेशन डायरीचा उतारा हे कागद रोज हाताळून आमचे एक मत पक्के झाले आहे. सामान्य माणसाचा घटनेतला हक्क हातचा जातो तो पहिल्या काही तासांत. बहुतेक वेळा एखादा कागद लिहिलेलाच नसतो, किंवा लिहिला तरी त्यावर खरी वेळ टाकलेली नसते. पुढे उच्च न्यायालयापर्यंत भांडून जे मिळते ती त्या तासांची भरपाई असते आणि ती कधीच पुरी पडत नाही.

हे कोण्या एका ठाण्याविरुद्धचे तक्रारपत्र नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली (पुढे नुसते ‘संहिता’ किंवा ‘कलम’ लिहिले आहे ते हिचेच), पाठ असलेल्या कलमांचे आकडे बदलले, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे मोठे निकाल आले. रात्रपाळीच्या अंमलदारापर्यंत हे सगळे पोचायला वेळ लागतो, हे आम्हाला समजते. म्हणूनच नेमके काय करायचे, कुठे चुकते आणि का, ते सविस्तर लिहितो आहोत.

सुरुवात फोनपासून करू. रात्री आठला ठाण्याच्या डी. बी. पथकातून, म्हणजे गुन्हे शोध पथकातून, फोन येतो, ‘जरा ठाण्यात या, साहेबांना बोलायचं आहे.’ कोणत्या गुन्ह्यात, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, काही सांगितले जात नाही. माणूस हातातला घास ठेवून निघतो. ठाण्यात त्याला बाकावर बसवतात, मोबाईल काढून घेऊन टेबलाच्या खणात टाकतात. आता कायद्याच्या दृष्टीने हा माणूस कोण? अटक दाखवलेली नाही, म्हणून अटकेचे संरक्षण नाही. नोटीस दिलेली नाही, म्हणून नोटिशीचेही नाही. त्याला उठून घरी जाता येते का, हे त्यालाही ठाऊक नसते आणि त्याला बसवणाऱ्या शिपायालाही.

संहितेने इथे दोन रस्ते दिले आहेत आणि दोन्ही लेखी आहेत. माणूस साक्षीदार असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेश काढून त्याला बोलवायचे, तेही तो आपल्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत असेल तरच. बाई असेल, वय १५ च्या खाली किंवा ६० च्या वर असेल, अपंगत्व किंवा गंभीर आजार असेल, तर तपास अधिकाऱ्यानेच त्यांच्या राहत्या घरी जायचे. त्यांची स्वतःहून ठाण्यात यायची तयारी असेल तर येऊ द्यावे; मात्र ही तयारी त्यांच्या सहीनिशी आधी लिहून घ्यावी, म्हणजे नंतर वाद राहत नाही. मुलगा सापडत नाही म्हणून आईला किंवा बायकोला ठाण्यात बसवून ठेवायला तर संहितेत कुठेही आधार नाही. ती अटक नाही, चौकशीही नाही. माणूस ओलीस ठेवणे म्हणतात ते हेच. बाईमाणसाला रात्री ठाण्यात थांबवण्याने काय होऊ शकते, हे विदर्भाला कोणी समजावून सांगायला नको. देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर जो अत्याचार झाला, त्यातल्या आरोपी पोलिसांना सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आवाज उठला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला.

माणूस संशयित असेल आणि अटकेची गरज नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस द्यायची. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात नोटीस हाच मुख्य रस्ता आहे आणि अटक अपवाद. अटक करायचीच तर ती का आवश्यक आहे, याची कारणे लिहायची. अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी हे सांगितले, गुन्हा दाखल झाल्यापासून दोन आठवड्यांत नोटीस बजावायला सांगितले, आणि न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाईसोबत न्यायालयाच्या अवमानाचीही कारवाई होईल असे बजावले. ही नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून चालत नाही. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणातल्या २१ जानेवारी २०२५ च्या आदेशाने त्याबद्दलची शंका संपवली आहे. नोटिशीत गुन्हा क्रमांक, कलम, हजर राहायची तारीख, वेळ आणि जागा, तपास अधिकाऱ्याचे नाव व नंबर असावा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. माणूस हजर झाला की किती वाजता आला आणि किती वाजता गेला, दोन्ही डायरीत लिहून त्याला तशी चिठ्ठी द्यावी. एका ओळीची चिठ्ठी पुरते. तो नोटिशीप्रमाणे येत राहिला तर त्या गुन्ह्यात अटक करायला वेगळी, लेखी कारणे लागतात. आणि तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या वरचा किंवा आजाराने खंगलेला माणूस असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या, म्हणजे शहरात सहायक आयुक्तांच्या, पूर्वपरवानगीशिवाय अटकच नाही. हे कलम ३५(७) नवे आहे; आमच्या मते नव्या संहितेतले हे सर्वात माणुसकीचे पोटकलम आहे, आणि अटक फॉर्म भरायला घेण्याआधी वय विचारण्यापासून त्याची सुरुवात होते.

आता घड्याळाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. अनुच्छेद २२(२) म्हणतो, अटक झालेल्या आणि ताब्यात ठेवलेल्या प्रत्येकाला २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा, प्रवासाचा वेळ वगळून. समजा, एकाला शनिवारी रात्री नऊला ठाण्यात आणले. अटक फॉर्मवर वेळ पडली रविवारी सकाळी अकराची. सोमवारी साडेदहाला तो न्यायालयात आला. कागदावर साडेतेवीस तास, प्रत्यक्षात साडेसदतीस. मधले चौदा तास तो कोणाच्या ताब्यात होता? कलम ५८ ची भाषा ताब्यात ठेवण्याची आहे. ज्या क्षणी त्याला उठून जाता येईनासे झाले त्या क्षणी घड्याळ सुरू झाले, फॉर्म कधीही भरला तरी.

शिवाय हे चौदा तास लपतही नाहीत. ठाण्याच्या फाटकावरचा कॅमेरा असतो, त्याच्या मोबाईलचे टॉवर लोकेशन असते, त्याने घरी केलेला शेवटचा फोन असतो. कधी कधी तपास अधिकाऱ्याचाच कागद बोलतो: मुद्देमाल काढून देण्याच्या निवेदन पंचनाम्यावर पहाटे दोनची वेळ, आणि अटक फॉर्मवर सकाळी अकराची. त्या निवेदनाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खाली किंमत येते ती आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता म्हणूनच. म्हणजे ताबा पहाटे दोनला होता हे सरकार पक्षच मान्य करतो. मग एक तर निवेदन जाते किंवा अटकेची वेळ खोटी ठरते. चांगला तपास असा वाया गेलेला आम्ही फिर्यादीच्या बाजूने उभे असतानाही पाहतो, आणि तेव्हा ज्याच्या घरी चोरी झाली त्याला काय सांगावे, ते सुचत नाही.

रविवार किंवा सुट्टी हे कारण चालत नाही. सुट्टीच्या दिवशी रिमांडसाठी न्यायदंडाधिकारी नेमलेले असतात. प्रवासाच्या वेळेची सूट नागपूर शहरात जवळजवळ बिनकामाची आहे. हुडकेश्वर असो की वाडी, सिव्हिल लाईन्सला पोचायला फार तर तासभर.

ही २४ तासांची आणि वकिलाला भेटू देण्याची ओळ घटनेत कशी आली, तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेदातून ‘ड्यू प्रोसेस’चे, म्हणजे न्याय्य कायदेशीर प्रक्रियेचे, शब्द गळाले होते. ती उणीव निदान काही अंशी भरून निघावी, असे सांगत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत अनुच्छेद १५-अ मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२. ज्या शहरात दरवर्षी लाखो माणसे दीक्षाभूमीवर त्यांना वंदन करायला येतात, त्या शहरातल्या प्रत्येक अंमलदाराला निदान हा अनुच्छेद तोंडपाठ असावा असे आम्हाला मनापासून वाटते.

अटक करायचीच ठरली तर तिची कारणे लेखी द्यावी लागतात, आणि सध्या सर्वाधिक अटका न्यायालयात टिकत नाहीत त्या याच मुद्द्यावर असे आमचे निरीक्षण आहे. पंकज बन्सल प्रकरणात ३ ऑक्टोबर २०२३ ला मनी लाँडरिंगच्या कायद्यापुरते आणि प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात १५ मे २०२४ ला यूएपीएपुरते, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यापुरते, सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक केले. ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने ते प्रत्येक गुन्ह्याला लागू झाले: कारणे लेखी, अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत, अटकेच्या क्षणी लिहिणे शक्य नसेल तर तोंडी सांगून नंतर लेखी द्यायची, मात्र रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी. नाही दिली तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. हा निकाल देणाऱ्या खंडपीठावरचे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांची वकिलीची बरीच वर्षे आपल्याच नागपूर खंडपीठासमोर गेली.

कारणे म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. छापील फॉर्मवर साधारण असे वाक्य असते: ‘सदर गुन्ह्यात तुमचा सहभाग निष्पन्न झाल्याने, पुढील तपासकामी तसेच पुराव्यात छेडछाड होऊ नये म्हणून तुम्हाला अटक करण्यात येत आहे.’ हे वाक्य कोणत्याही माणसाला, कोणत्याही गुन्ह्यात चिकटवता येईल. म्हणूनच ते कारण नाही. याच माणसाबद्दल पोलिसांकडे काय आहे, ते लिहायचे. उदाहरणार्थ, इतवारीतल्या एका दुकानातल्या चोरीत असे लिहिता येईल: ‘अमुक तारखेला रात्री १ वाजून २० मिनिटांनी दुकानासमोरच्या कॅमेऱ्यात तुम्ही शटरजवळ दिसता, दुकानातल्या नोकराने तुम्हाला ओळखले आहे, चोरीला गेलेल्या मालापैकी दोन वस्तू तुमच्या घरातून पंचांसमक्ष जप्त झाल्या. नोटीस देऊनही तुम्ही दोनदा हजर राहिला नाहीत.’ चार ओळी. यावर त्या माणसाचा वकील जामिनासाठी बोलू शकतो, दंडाधिकारी विचार करू शकतो, आणि अटकही टिकते. एवढे लिहिण्याजोगे हातात नसेल, तर अटकेची वेळ आलेली नाही असेच समजावे.

भाषा हा नागपुरात खरा प्रश्न आहे. कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा छत्तीसगडचा मजूर, इमारतीच्या कामावरचा तेलुगू बोलणारा मिस्त्री, गोंडी बोलणाऱ्या घरातून आलेली मुलगी यांना न्यायालयीन मराठीतला कागद देऊन सही घेणे म्हणजे काहीच न देणे. हिंदी प्रत प्रत्येक ठाण्यात तयार असावी. बाकी भाषांसाठी समजावून सांगणाऱ्याचे नाव आणि सही त्याच कागदावर यावी. अक्षरओळख नसलेल्याला वाचून दाखवले, तर कोणी आणि किती वाजता ते लिहावे.

अटक फॉर्मवर साक्षीदार म्हणून घरचा माणूस किंवा वस्तीतला प्रतिष्ठित माणूस हवा, आणि खाली अटक झालेल्याची सही. हे कलम ३६. ठाण्यातलाच चहावाला दर वेळी साक्षीदार असला की उलटतपासणीत पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच निघतो. घरी कळवण्याची जबाबदारी कलम ४८ ने पोलिसांवर टाकली आहे. कोणाला, कोणत्या नंबरवर, किती वाजता कळवले, हे वहीत लिहायचे. ‘नातेवाइकांना कळविले’ एवढीच नोंद निरुपयोगी आहे. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा एक अधिकारी अटकेची माहिती ठेवायला नेमलेला असायला हवा आणि ती माहिती ठाण्यात दिसेल अशी लावलेली हवी. रात्री अकराला रडत आलेल्या आईला ‘इथे नाही, दुसऱ्या ठाण्यात बघा’ असे सांगून तीन ठाणी फिरवणे या एका फलकाने थांबते.

वकिलाबद्दल थोडक्यात, कारण आमचाच विषय असल्याने तो ताणायचा नाही. चौकशीच्या संपूर्ण वेळी वकील शेजारी बसेल असा हक्क कलम ३८ देत नाही. चौकशीदरम्यान भेटण्याचा हक्क मात्र देते. ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ म्हणून वकिलाला पहाटेपर्यंत अंमलदाराच्या टेबलासमोर बसवले, तर तो हक्क नाकारल्यासारखाच आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा नंबर आहे. ताब्यातल्या माणसाला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. हे त्याला सांगणे ठाण्याचे काम आहे.

वैद्यकीय तपासणीसाठी आरोपीला मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत नेतात. तिथे एक साधी गोष्ट कायम चुकते. हात धरून आलेला शिपाई डॉक्टरच्या टेबलाला टेकून उभा असतो आणि डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ कोण खरे बोलेल? शिपायाने दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभे राहावे. अंगावरच्या प्रत्येक खुणेचे वर्णन, माप आणि साधारण किती जुनी ते लिहिले जावे. अटकेआधीची जखम असेल तर ही नोंद पोलिसांनाच वाचवते. कलम ५३ नुसार अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्याला द्यायची आहे. कोठडी लांबली तर दर ४८ तासांनी तपासणी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून चालत आले आहे.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. डिसेंबरात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सायंकाळी सातला महिला शिपाई सोबत होती, एवढ्याने कलम ४३(५) पाळले जात नाही.

आणखी एक प्रकार राज्यात अलीकडे वाढतो आहे आणि त्याला टाळ्याही मिळतात, म्हणून त्यावर स्पष्ट लिहितो. पकडलेल्या पोरांना त्यांच्याच वस्तीतून हातकड्या घालून फिरवणे, कान धरायला लावणे, त्याचे व्हिडिओ पसरवणे. वस्तीला गुंडांचा त्रास असतो, लोक वैतागलेले असतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु कलम ४३(३) ने हातकडीला काही ठरावीक गंभीर गुन्हे आणि सराईत किंवा पळून गेलेले आरोपी एवढीच मुभा दिली आहे, आणि धिंड काढायची मुभा कोणत्याच कायद्याने कोणालाच दिलेली नाही. अनुच्छेद २१ मधला सन्मान दोषी ठरलेल्यालाही असतो. इथे तर अजून दोषारोपपत्रही नाही. याचा फटका खटल्यालाही बसतो. ज्याचा चेहरा साऱ्या शहराने मोबाईलवर पाहिला, त्याची ओळख परेड कारागृहात घेऊन काय सिद्ध होणार? साक्षीदाराने त्याला घटनेच्या वेळी पाहिले की व्हिडिओत, हा प्रश्न सुटतच नाही, आणि खरा गुन्हेगार असेल तर तो त्याच फटीतून सुटतो.

आता फिर्यादीचा हक्क. ठाण्यात तक्रार घेऊन आलेला माणूस हाही अनुच्छेद १४ आणि २१ खालीच आलेला असतो, हे बरेचदा विसरले जाते. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी निकालाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडून ठरले. नव्या कलम १७३(३) ने तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करू दिली आहे, पण ती उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, आणि प्रथमदर्शनी प्रकरण आहे की नाही एवढेच पाहण्यासाठी. फिर्यादीला चौदा दिवस चकरा मारायला लावण्यासाठी ती सवलत नाही. हद्द आपली नसेल तरी शून्य क्रमांकाने नोंद करून पाठवायची. प्रत विनामूल्य, तिथल्या तिथे.

मोबाईलचेच घ्या. वर्धा रोडवर चालत्या दुचाकीवरून कोणी हातातला फोन हिसकावला, आणि ठाण्यात सांगितले गेले, ‘हरवल्याचा अर्ज लिहा, सिम लगेच मिळेल.’ हिसकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा दखलपात्र गुन्हा आहे. तो ‘गहाळ’ लिहिला की त्या रस्त्यावर असे प्रकार किती होतात, हे खुद्द आपल्यालाच कळत नाही, आणि गस्त भलतीकडे लागते. साध्या चोरीत पाच हजार रुपयांच्या आतला माल असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणून किंमत लिहिताना बिल बघावे. अंदाजाने ४,९०० लिहिलेली एक ओळ फिर्यादीचा तपासाचा हक्कच काढून घेते. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणारा लोकसेवक भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःच आरोपी होतो, किमान सहा महिने सक्तमजुरी. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवायची आहे, हे कलम १९३ मध्ये आहे. ते पत्र आम्हाला फार क्वचित पाहायला मिळते.

नाकाबंदीत गाडी अडवून ‘फोन उघड, व्हॉट्सॲप दाखव’ म्हणण्याला कोणतेही कलम नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर फोन जप्त करावा, पण रीतसर: दोन्ही आयएमईआय क्रमांक, सिम, काचेची अवस्था पंचनाम्यात, कलम १०५ प्रमाणे जप्तीचे चित्रीकरण, तिथेच सील, आणि यादीची प्रत मालकाला. रस्त्यावर चाळलेला फोन नंतर न्यायसहायक प्रयोगशाळेत गेला, की मधल्या वेळात त्यात कोणी काय केले हे सांगणारे कोणी उरत नाही.

हिवाळी अधिवेशनाबद्दल बोलल्याशिवाय नागपुरातले हे पत्र पुरे होणार नाही. दर डिसेंबरात राज्यभरातून आशा सेविका, शिक्षक, शेतकरी, धनगर, हलबा, कोण कोण यशवंत स्टेडियमवरून मोर्चे काढतात. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ख) मधला आहे. त्यावर वाजवी बंधने येतात, मार्ग आणि वेळ ठरवून देता येते, हे मान्य. गर्दी नीट हाताळली नाही तर काय होते, ते या शहराने २३ नोव्हेंबर १९९४ ला पाहिले आहे. ११४ गोवारी बांधव त्या चेंगराचेंगरीत गेले, त्यांत कितीतरी बाया आणि लेकरे होती. त्यामुळे बंदोबस्ताचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही.

आमचे म्हणणे आदल्या रात्रीबद्दल आणि संध्याकाळबद्दल आहे. कलम १७० खाली प्रतिबंधक अटक करायला दोन गोष्टी लागतात: हा माणूस दखलपात्र गुन्हा करायच्या बेतात आहे याची माहिती, आणि अटकेशिवाय तो टाळता येणार नाही अशी परिस्थिती. ‘उद्या मोर्चात घोषणा देणार आहे’ ही यातली कुठलीच नाही. कलम १६८ ची नोटीस देऊन त्याच्या दारात शिपाई बसवला आणि त्याला बाहेर पडू दिले नाही, तर ती विनाआदेश नजरकैद झाली. मोर्च्यातून गाडीत बसवून मैदानावर नेलेल्या शेकडो लोकांना संध्याकाळी सोडले जाते आणि बहुतेकांकडे कागदाचा चिटोरासुद्धा नसतो. त्या दिवशी ते कोणत्या कलमाखाली, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पोलिसांच्या ताब्यात होते, हे कोणीच सांगू शकत नाही. गाडीत चढवतानाच एक साधा तक्ता भरता येतो: नाव, गाव, चढवल्याची वेळ, कलम, अधिकाऱ्याचे नाव, उतरवताना सोडल्याची वेळ. मधुमेहाच्या गोळ्या, अंगावर पिणारे बाळ सोबत आहे का, याचा एक रकाना. प्रत्येक गाडीत एका अंमलदाराकडे हे काम दिले तर दहा मिनिटे लागतात.

ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी निकालाने २ डिसेंबर २०२० रोजी बारकाईने लिहून ठेवले आहे: फाटक, आवार, व्हरांडा, कोठडी, अंमलदाराची खोली, निरीक्षक आणि उपनिरीक्षकांच्या खोल्या, मागची बाजू, स्वच्छतागृहाच्या बाहेर, आवाजासह, अंधारात दिसेल असे, चित्रीकरण अठरा महिने, तेवढी साठवण शक्य नसेल तर किमान एक वर्ष. डी. बी. पथकाची खोली मूळ इमारतीपासून वेगळी असेल तर तीही यात आली. खरे तर तीच आधी यायला हवी. कॅमेरा बंद पडला की ठाणेदाराने तो केव्हा बंद पडला आणि दुरुस्तीला केव्हा कळवले, याची डायरीत नोंद करावी.

आपल्याकडे आमची मागणी मोठी नाही, नवा निधीही लागत नाही. पुढच्या मासिक गुन्हे आढावा बैठकीत हे विषय घ्यावेत. अटकेच्या लेखी कारणांचा मराठी-हिंदी नमुना, कलम ३५(३) आणि १७९ च्या नोटिशींचे कोरे संच, आणि ठाण्यात आल्या-गेल्याच्या वेळेची चिठ्ठी ही प्रत्येक अंमलदाराच्या टेबलावर ठेवावीत, रात्रपाळीतही. छापील ‘सहभाग निष्पन्न’ वाक्याची अटक कारणे सहायक आयुक्तांनी परत पाठवावीत. नमुने तयार करायला, दर परिमंडळात एक दिवस बसून अंमलदारांशी बोलायला आम्ही विनामोबदला तयार आहोत. ज्यांच्या सहीने अटक होते आणि ज्यांच्या हातून कोठडीचे कुलूप लागते, त्या हवालदार-शिपायांपर्यंत हे पोचावे अशी आमची इच्छा आहे. अधिकाऱ्यांना परिपत्रके मिळतात, त्यांना मिळत नाहीत.

आणि ज्या नागरिकांच्या वाचनात हे पत्र येईल त्यांच्यासाठी दोन ओळी. ठाण्यातून फोन आला तर नोटीस लेखी द्यायला सांगा, नम्रपणे. न जाण्यासाठी नव्हे, कोणत्या नात्याने जायचे ते कळावे म्हणून. जाताना घरच्यांना वेळ सांगून जा, सोबत एक माणूस न्या. कोरा कागद असेल तर सही करू नका. स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही, हे अनुच्छेद २०(३) आहे. मात्र नाव-पत्ता खरा सांगा, हुज्जत घालू नका, हात उचलू नका. तक्रार नोंदवून घेतली नाही तर तीच लेखी करून उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा; त्यानंतरही काही झाले नाही, तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला ती पावती व प्रतिज्ञापत्र जोडावे लागते.

आपल्या उत्तराची आम्ही वाट पाहू. नमुन्यांचा पहिला मसुदा आठवडाभरात आपल्या कार्यालयात आणून देतो.

आपले,
जिल्हा व सत्र न्यायालय, नागपूर येथे फौजदारी बाजूचे काम करणारे काही वकील